सात पैशांचा जाहीरनामा

पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेत एक कंस आहे. २६ जानेवारी १९३० रोजी गावोगावच्या सभांत वाचल्या गेलेल्या त्या मजकुराच्या दुसऱ्याच परिच्छेदात देशातल्या माणसाचे रोजचे सरासरी उत्पन्न सात पैसे असे सांगितले आहे. त्यापुढच्या कंसात ‘दोन पेन्सांहून कमी’ अशी पुस्ती जोडली आहे. स्वातंत्र्याची शपथ घेताना कुणी कंस घालत नाही. कंस हिशेबनिसाचा असतो. म्हणून या कागदाचे वाचन मी तिथूनच सुरू करतो.

त्या वेळचा रुपया सोळा आण्यांचा आणि आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. सात पैसे म्हणजे पावणेदोन आणे. वर्षाला साधारण चाळीस रुपये. आता पेन्सांकडे वळू. १९२७ पासून सरकारने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स, असा पक्का केला होता. चौसष्ट पैशांना अठरा पेन्स, तर सात पैशांना १.९७. दोनाला किंचित कमी. कंस बरोबर जुळतो.

काँग्रेसची मागणी मात्र १ शिलिंग ४ पेन्सांच्या जुन्या दराची होती. त्या दराने आण्याला बरोबर एक पेनी पडते, आणि पावणेदोन आण्यांचे सरळ पावणेदोन पेन्स होतात. तसे लिहिणे किती सोपे होते! ‘दोनाहून कमी’ हे शब्द आले, ते माझ्या मते चालू दराने गुणाकार केल्यामुळे. गंमत म्हणजे याच कागदात पुढे विनिमयाच्या दरात केलेल्या मनमानीने देशाचे कोट्यवधी रुपये बाहेर गेले, अशी तक्रार आहे. ज्या दरावर आक्षेप, त्याच दराने स्वतःचे दारिद्र्य मोजून दाखवायचे. समोरच्याला त्याच्याच मापाने माप दाखवण्याची ही रीत वकिलाची आहे, आणि मसुद्यावर ज्यांचा हात फिरला ते गांधी आणि नेहरू दोघेही बॅरिस्टर होते.

हा कागद जन्माला आला तो एका मुदतीपोटी. १९२८च्या डिसेंबरात कलकत्ता काँग्रेसने सरकारला वर्षाची मुदत दिली: ३१ डिसेंबर १९२९पर्यंत नेहरू अहवालातले वसाहतीचे स्वराज्य द्या, नाही तर आम्ही पूर्ण स्वातंत्र्य मागू. ३१ ऑक्टोबर १९२९ला व्हाइसरॉय आयर्विन यांनी वसाहतीचा दर्जा हे अंतिम ध्येय असल्याचे जाहीर केले. कधी, ते सांगितले नाही. २३ डिसेंबरला दिल्लीत पुढाऱ्यांशी त्यांची भेट झाली, तीतून काही निघाले नाही. लाहोरला रावीच्या काठी वर्ष संपता संपता ठराव झाला. काँग्रेसच्या घटनेतल्या पहिल्या कलमातल्या ‘स्वराज्य’ या शब्दाचा अर्थ यापुढे संपूर्ण स्वातंत्र्य. अध्यक्ष जवाहरलाल चाळीस वर्षांचे होते, आणि ठराव मांडणारे गांधी. २ जानेवारीला कार्यकारिणी बसली आणि २६ जानेवारी हा दिवस ठरला. त्या दिवशी रविवार होता. सुटीच्या दिवशी माणसे सभेला येतात, हे कार्यकारिणीला कुणी सांगायला नको होते.

आता मजकुराचे तोंड पाहा. पहिले वाक्य हक्काचे आहे: स्वातंत्र्य, आपल्या कष्टाचे फळ आणि जगण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मिळणे हा भारतीय जनतेचा, इतर कोणत्याही जनतेसारखाच, कुणाला हिरावून घेता न येणारा हक्क आहे, तो यासाठी की वाढीची पुरी संधी मिळावी. दुसरे वाक्य सरकारचे आहे: जे सरकार हे हक्क काढून घेते आणि जुलूम करते, ते बदलण्याचा किंवा मोडून टाकण्याचा आणखी एक हक्क जनतेला असतो. मग आरोपांची यादी येते आणि शेवटी निर्णय.

ही चौकट ज्याने १७७६चा अमेरिकी जाहीरनामा वाचला आहे त्याला लगेच ओळखू येते. हक्क आधी, सरकार त्या हक्कांच्या रक्षणासाठी, ते काम सरकारने सोडले तर ते बदलायचे किंवा मोडायचे, मग राजाच्या अपराधांची जंत्री, मग फारकत. ‘बदलणे किंवा मोडणे’ ही जोडी तर जशीच्या तशी उचलली आहे. तो जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने ती चौकट इंग्रज तत्त्वज्ञ लॉककडून घेतली होती. १६८९च्या ग्रंथात लॉकने म्हटले होते की माणसे सरकार उभारतात ती जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखण्यासाठी. सरकार ही ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने विश्वासघात केला की ठेव मूळ मालकाकडे परत येते.

पण उचलताना काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. लॉकची मालमत्ता जेफरसनने काढली आणि तिथे सुखाचा शोध बसवला. १९३०च्या मसुद्यात मालमत्ताही नाही आणि सुखही नाही. तिथे कष्टाचे फळ आहे. लॉकच्या मांडणीत मालमत्ता मुळात उगवते ती श्रमातून. माणूस जमिनीत आपली मेहनत मिसळतो आणि ती त्याची होते. लाहोरच्या मसुद्याने फांदी सोडली आणि मुळाला हात घातला. ज्या देशात बहुतेकांच्या नावावर मालमत्ता म्हणावे असे काही नव्हते, पण कष्ट सगळ्यांच्या नावावर होते, तिथे हा फरक फक्त शब्दांपुरता राहत नाही.

दुसरा बदल कर्त्याचा. अमेरिकी जाहीरनाम्यात सगळी माणसे समान निर्माण झाली आहेत, असे आहे. हक्क एकेका माणसाचे. १९३०च्या कागदात हक्क जनतेचे, समूहाचे. एकटा माणूस त्यात कुठे दिसत नाही. या मुद्द्याकडे मला नंतर परत यायचे आहे.

तिसरा फरक आरोपीचा. जेफरसनची जंत्री राजावर बोट ठेवून चालते. जवळजवळ प्रत्येक आरोप ‘त्याने’ या शब्दाने उघडतो. लाहोरच्या कागदात राजाचे नाव नाही, आयर्विनचे नाही, कुठल्या गव्हर्नरचे नाही. आरोपी आहे ‘हिंदुस्थानातले ब्रिटिश सरकार’. आपल्याकडे हा फरक चौदा वर्षे जुन्या एका खटल्याशेजारी ठेवून वाचावा. १९१६च्या मे-जूनमध्ये बेळगाव आणि अहमदनगरला टिळकांनी होमरूलची व्याख्याने दिली. बादशहा राहू दे, आमचे भांडण मधल्या कारभाऱ्यांशी आहे. देव तोच, पुजारी बदला, अशी त्यांची मांडणी. त्या व्याख्यानांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. मुंबई हायकोर्टाने नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला. टिळकांची देव-पुजाऱ्याची विभागणी हा कायद्याच्या कात्रीतून निसटण्याचा मार्ग होता आणि तो चालला. १९३०च्या मसुद्याला निसटायचेच नव्हते. त्यात देव आणि पुजारी एकच केले आहेत, आणि नाते तोडायचे असे सरळ लिहिले आहे. ‘जन्मसिद्ध हक्क’ हा टिळकांचा शब्द मराठी माणसाच्या तोंडात आधीच बसला होता. नव्या कागदाने त्या हक्काच्या पोटातला जमाखर्च मांडला.

ही जमाखर्चाची बाजू या मसुद्याची खरी ताकद आहे. आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक, आत्मिक अशा चार तऱ्हांनी देश बुडवला, असे कागद म्हणतो. पण चारांपैकी तीन थोडक्यात आटोपतात आणि पहिल्यावर लेखणी रेंगाळते. करांपैकी २० टक्के शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून. ३ टक्के मिठातून, आणि हा कर गरिबाला सगळ्यांत जड. सूतकताईसारखे गावचे उद्योग बुडाले, त्यामुळे शेतकरी वर्षातले निदान चार महिने रिकामा. हाताला काम नाही म्हणून बुद्धीही मंदावलेली. शेवटचे अर्धे वाक्य गांधींचे, हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ नको. हात थांबला की डोके थांबते, असे त्या काळी दुसरा कुणी पुढारी लिहीत नव्हता. त्याउलट ब्रिटिश राज्य बहुजनांच्या शोषणावर उभे आहे, हे पहिल्या परिच्छेदातले शब्द नुकतेच युरोप आणि मॉस्को पाहून आलेल्या नेहरूंच्या वळणाचे वाटतात.

राजकीय परिच्छेदातली दोन वाक्ये आज वाचताना सर्वसाधारण वाटतात, पण त्या दिवशी ऐकणाऱ्यांना त्यांमागे माणसे दिसत होती. मतस्वातंत्र्य आणि संघटनेचे स्वातंत्र्य नाकारले, असे एक वाक्य. मार्च १९२९मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभर धरपकड झाली होती. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर ही मुंबईच्या कामगार चळवळीतली मंडळी २६ जानेवारीला तुरुंगात होती. दुसरे वाक्य, अनेक देशबांधव परदेशी अडकले आहेत, त्यांना घरी परतता येत नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तेव्हा मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवत होते. गदर चळवळीच्या दिवसांपासून त्यांना घराची वाट बंद होती. ‘अनेक देशबांधव’ या दोन शब्दांत एक वर्ध्याचा मक्यावर काम करणारा माणूसही येतो.

आत्मिक हानीचा परिच्छेद मला नेहमी चमकवतो. अहिंसेची शपथ घेणारा हा कागद सक्तीच्या निःशस्त्रीकरणामुळे आम्ही नामर्द झालो, असे म्हणतो. चोर-दरोडेखोरांपासून घर राखायचीही हिंमत उरली नाही, असेही म्हणतो. विसंगती आहे का? गांधींच्या हिशेबात नाही. हत्यार खाली ठेवण्यासाठी ते आधी हातात असावे लागते. चारच दिवसांनी, ३० जानेवारीच्या ‘यंग इंडिया’त त्यांनी अकरा मागण्या छापल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याची मागणी आहेच. तीच यादी प्रतिज्ञेशेजारी ठेवली की उलगडा होत जातो: विनिमय दर १ शिलिंग ४ पेन्स करा, शेतसारा निम्मा करा, मीठकर काढा, लष्करी खर्च आणि बड्या पगारांना कात्री लावा, परदेशी कापडावर संरक्षक जकात बसवा, राजकीय कैदी सोडा. पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाने दारूबंदी आणि जकातीसारख्या किरकोळ गोष्टी मागाव्यात, हे पाहून तेव्हा बरेच काँग्रेसजन चक्रावले. नेहरूंनीही ते आत्मचरित्रात लपवलेले नाही. पण दोन्ही कागद एकत्र वाचले की अकरा मागण्या म्हणजे प्रतिज्ञेच्याच आरोपांना लावलेले आकडे आहेत, हे दिसते. सरकार कशासाठी असते, या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानात न देता दरपत्रकात दिलेले.

प्रतिज्ञेचा शेवट अमेरिकी नमुन्यापासून पुरता दूर जातो. तिथे शासितांची संमती हे तत्त्व वर, सुरुवातीला, वाक्याच्या पोटात येते. लाहोरच्या कागदात ‘संमती’ हा शब्दच नाही. पण शेवटच्या परिच्छेदात तिचे काय करायचे ते सांगितले आहे. आपण आपण होऊन देत असलेली मदत काढून घेऊ, कर थांबवू आणि चिथावणी मिळाली तरी हात उचलणार नाही. एवढे जमले तर या राज्याचा शेवट ठरलेला. म्हणजे संमती ही रोज, प्रत्येकाने, काम करून आणि पैसे भरून दिलेली गोष्ट आहे. म्हणूनच ती रोज, प्रत्येकाला, परत घेता येते. ही गोष्ट जेफरसनच्या मसुद्यात नव्हती. त्याला तिची गरजही नव्हती. त्याच्याजवळ वॉशिंग्टनचे सैन्य होते.

सभा कशा घ्यायच्या, हेही ठरवून दिले होते. झेंडा लावायचा, प्रतिज्ञा लोकांच्या भाषेत वाचायची, हात वर करून मान्यता घ्यायची, भाषणे करायची नाहीत. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना ही शेवटची अट किती जड गेली असेल, याची कल्पना करावी. फिलाडेल्फियाच्या चामड्यावर ५६ सह्या आहेत. या कागदावर सही करायला जागाच नव्हती. उरलेला दिवस विधायक कामात घालवायचा होता: सूत काता, दारूबंदीचे काम करा, हिंदू-मुसलमानांत सलोखा करा, अस्पृश्यांची सेवा करा.

सेवा. इथे मघाचा मुद्दा परत येतो. अस्पृश्य हा शब्द प्रतिज्ञेच्या मजकुरात कुठेच नाही. तो आहे दिवसाच्या कार्यक्रमात. हक्कांच्या कागदात तो हक्कदार म्हणून येत नाही, सूचनांच्या यादीत कामाचा विषय म्हणून येतो. समूहाचा हक्क लिहिला की समूहाच्या आतले दरवाजे कुणाला बंद आहेत, ते लिहावे लागत नाही. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक जळजळीत परिच्छेद होता आणि तिथल्या काँग्रेसने तो खोडला. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या मर्जीखातर, असे त्याने स्वतः टिपून ठेवले. आपल्याकडे खोडायची वेळ आली नाही, कारण लिहिलेच नव्हते.

लिहिले होते ते दुसऱ्या ठिकाणी. २५ डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली तो दिवस सगळ्यांना पाठ असतो. त्याच परिषदेत हिंदूंच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, तो फारसा वाचला जात नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात १७८९च्या फ्रेंच प्रतिनिधी सभेची आठवण काढली होती, आणि जाहीरनाम्याची कलमे तिथल्या मानवी हक्कांच्या घोषणेच्या अंगाने जातात. सर्व हिंदू जन्मतः समान दर्जाचे, आणि तो दर्जा मरेपर्यंत टिकणारा. राजकीय, आर्थिक, सामाजिक अशा कोणत्याही बदलाचे अंतिम ध्येय ही समता राखणे. सत्तेचा उगम जनता. जनतेने न दिलेले कुणाचेही विशेष अधिकार अवैध. कायदा म्हणजे कुणा एकाचा हुकूम नव्हे.

दुसरे कलम सावकाश वाचावे. राजकारणाचे ध्येय काय, राज्य कशासाठी, हाच तो प्रश्न, आणि लाहोरच्या दोन वर्षे आधी त्याचे वेगळे उत्तर. तेही ‘जन्मसिद्ध हक्क’ याच शब्दांत. टिळकांनी तो शब्द इंग्रजाकडे तोंड करून उच्चारला होता. महाडला तो अस्पृश्यांना नाकारलेल्या तळ्याकडे तोंड करून उच्चारला गेला.

तारखांचा एक योग इतिहासाने जुळवून ठेवला आहे. २ मार्च १९३०ला गांधींनी साबरमतीहून आयर्विनना पत्र लिहिले आणि रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाच्या तरुण इंग्रज क्वेकरच्या हाती दिल्लीला पाठवले. त्याच दिवशी नाशकात काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. एक दार दिल्लीत ठोठावले गेले, एक गोदेकाठी, आणि दोन्ही बंदच राहिली. व्हाइसरॉयच्या चिटणीसाने दोन ओळींत खेद कळवला. नाशकाला तेवढेही झाले नाही, सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे चालला. त्याच वर्षी ऑगस्टात नागपूरच्या दलित वर्गांच्या परिषदेत आंबेडकरांनी इंग्रज सरकारची झडती घेतली. इंग्रज येण्यापूर्वी तुम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आज येते का? देवळात जाता येत नव्हते, आज येते का? ज्या सरकारने हे केले नाही ते आमच्या काय कामाचे, सत्ता लोकांच्या हाती आली पाहिजे आणि तीत आमचा वाटा असला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. वाट निराळी, पण इंग्रज राज्याविरुद्धचा निकाल लाहोरसारखाच. पुरावा मात्र पैशांत मोजलेला नव्हता.

गांधींच्या पत्रात पुन्हा तोच हिशेब, आता अधिक टोकदार. आपला पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे रोजचे ७०० हून अधिक. या देशातल्या माणसाचे रोजचे उत्पन्न दोन आण्यांहून कमी. म्हणजे आपण सरासरी माणसाच्या पाच हजार पटींहून जास्त घेता, आणि आपल्या देशाचा पंतप्रधान त्याच्या देशबांधवाच्या फक्त नव्वद पट. हे वैयक्तिक नाही, आपल्याला त्या पैशांची गरज नसेलही, असेही त्यांनी पुढे सांगितले. ‘दोन आण्यांहून कमी’ म्हणजे प्रतिज्ञेतले तेच पावणेदोन आणे, सोपे करून. मी सात पैशांनी भागून पाहिले: सहा हजार चारशे पट येते. गांधींनी आकडा उलट कमी करून लिहिला होता. दहा दिवसांनी, १२ मार्चला, ते मिठासाठी चालू लागले. प्रतिज्ञेतले ते ३ टक्के.

पुढच्या वर्षी, मार्च १९३१मध्ये, कराची काँग्रेसने स्वराज्यात काय काय असेल त्याचा ठराव केला. त्यात मिठावर कर नव्हता, आणि खास तज्ज्ञ सोडून सरकारी नोकराचा पगार साधारणपणे महिना ५०० रुपयांच्या वर जाणार नव्हता. मीठकर १ एप्रिल १९४७ला गेला, इंग्रज जायच्या साडेचार महिने आधी. प्रतिज्ञेचा दिवस राखायचा म्हणून घटना २६ जानेवारी १९५०ला अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. महाडचा कागद तिथे पोचला. तिच्या दुसऱ्या अनुसूचीत तेव्हा राष्ट्रपतींचा पगार लिहिला होता: महिना १०,००० रुपये.